पोस्टिंगचं वेळापत्रक विभाग ठरवतो

गोव्यात एमएलटीच्या (मेडिकल लॅब टेक्नॉलॉजीच्या) पदवीत पोस्टिंग, म्हणजे विभागवार लॅबमधलं प्रत्यक्ष काम, लागलं की वर्गातला जवळजवळ प्रत्येक जण एक देखणं वेळापत्रक आखतो. सकाळी पोस्टिंग, दुपारी लेक्चर, संध्याकाळी सात ते दहा अभ्यास. रंगीत पेनं, रकाने, सगळं. ते पंधरा दिवससुद्धा टिकत नाही. त्यात आळसाचा दोष थोडाच असतो. सगळ्या विभागांना एकच माप लावलेलं असतं, ही खरी अडचण. कलेक्शन रूमचा (रक्त घेण्याच्या खोलीचा) दिवस साडेदहा-अकराला ओसरतो, हिमॅटॉलॉजीचा (रक्तपेशींच्या तपासणीचा) तेव्हा कुठे भरात येतो, मायक्रोबायोलॉजीत (जंतूंच्या तपासणीत) आज घातलेलं कोडं उद्या सकाळी सुटतं आणि ब्लड बँकेत दिवस कधी सुरू झाला नि कधी संपला ते कुणालाच सांगता येत नाही. म्हणून वेळापत्रक महिन्याचं करू नका, विभागाचं करा. पोस्टिंग बदललं की जुना कागद फाडायचा.

एक काम मात्र बरंच आधी करावं लागतं. हिपॅटायटिस बीची लस ०, १ आणि ६ महिने अशा तीन डोसांत घेतात आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर (लसीने रक्तात तयार झालेल्या अँटिबॉडींची पातळी) बघतात. तो १० एमआययू प्रति मिली किंवा त्याहून वर यायला हवा. हिशेब केला तर हातात सुई येण्याच्या सात-आठ महिने आधी पहिला डोस पडलेला हवा. पोस्टिंगच्या आदल्या आठवड्यात फाइलला लावायला सर्टिफिकेट शोधत फिरणाऱ्यांचा पहिलाच डोस राहिलेला असतो. आणि सुई टोचलीच, तर बोट पिळत बसू नका (सगळेच पिळतात). साबण आणि वाहतं पाणी, मग लगेच इन्चार्जना सांगणं. एचआयव्हीसाठीची प्रतिबंधक औषधं जमल्यास दोन तासांत आणि काही झालं तरी ७२ तासांच्या आत सुरू करायची असतात, पुढे २८ दिवस. 'मॅडम ओरडतील' म्हणून संध्याकाळपर्यंत गप्प राहिलात, तर हे घड्याळ तुमच्यावर उलटतं. मॅडम ओरडणार असतीलच, तर बहुधा सुईला टोपण परत लावण्यावरून ओरडतील, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

कलेक्शनपासून सुरुवात करू. बांबोळीला काय, म्हापशाला काय, मडगावला काय, आठ वाजायच्या आत रांग लागलेली असते. पेडण्याहून, वाळपईहून, काणकोणहून पहिली बस पकडून उपाशीपोटी आलेली माणसं असतात, त्यामुळे तिथे तुमचा उशीर कुणी मोठ्या मनाने घेत नाही. पहिली चूक सुई टोचायच्या आधीच होते. गोव्यात एका सकाळच्या यादीत चार नाईक, तीन गावडे, दोन गावकर आणि पाच फर्नांडिस सहज सापडतात. 'नाईक ना तुम्ही?' असं विचारलं की कानाने कमी असलेली आजीसुद्धा मान डोलावते. 'तुमचें नांव कितें?' एवढं विचारून थांबायचं. नाव, वय, गाव त्यांच्या तोंडून येऊ द्यायचं आणि फॉर्मशी ताडून बघायचं. लेबल रक्त काढल्यावर, रुग्ण समोर असतानाच. आधीपासून लेबल लावून ओळीत मांडलेल्या ट्यूब दिसायला शिस्तीच्या दिसतात, पण अदलाबदल त्यांचीच होते.

ट्यूबचा क्रम (टोपणाच्या रंगावरून) पाठ करायला सोपा आहे: ब्लड कल्चर, निळी, लाल किंवा पिवळी, हिरवी, जांभळी, करडी. तो का, हे कळलं की कधी विसरत नाही. जांभळ्या ट्यूबमधलं, रक्त गोठू न देणारं ईडीटीए हे पोटॅशियमचं मीठ असतं आणि ते कॅल्शियम बांधून ठेवतं. त्याचा अंश सिरमच्या (गोठलेल्या रक्तावरच्या द्रवाच्या) ट्यूबमध्ये गेला तर पोटॅशियम वर आणि कॅल्शियम खाली. पोटॅशियम ९, कॅल्शियम ५ आणि रुग्ण बाहेर बाकावर बसून भजी खातोय, असं चित्र दिसलं की समजावं, कुणीतरी लाल ट्यूब कमी भरली म्हणून जांभळीतलं थोडं तिच्यात ओतलंय. निळ्या ट्यूबमध्ये ०.३ मिली सायट्रेट असतं आणि २.७ मिली रक्त हवं, म्हणजे नवास एक. शिर सापडली नाही म्हणून १.८ मिलीवर थांबलात तर सहास एक होतं. सायट्रेट जास्त, प्लाझ्मा कमी, आणि पीटी-एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) खोटंच लांबतं. वॉरफेरिनवर (रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधावर) असलेल्या रुग्णाचा डोस त्या आकड्यावरून बदलू शकतो, म्हणून अर्धवट निळी ट्यूब पुढे पाठवू नका, पुन्हा घ्या. बटरफ्लाय (लांब नळीची सुई) वापरत असाल तर नळीतली हवा पहिल्या ट्यूबमध्ये शिरते आणि तेवढं रक्त कमी भरतं. निळी पहिली असेल तर आधी एक फुकटची ट्यूब लावून टाकून द्या. टूर्निके (दंडाचा पट्टा) एका मिनिटाच्या आत सोडा. 'मूठ वळा' ठीक आहे, 'उघडझाप करा' नको, त्यानेही पोटॅशियम चढतं.

या पोस्टिंगमध्ये पाय दुखतात, डोकं मात्र ताजं असतं. दुपारी एकनंतरचा वेळ बऱ्यापैकी तुमचा असतो. म्हणून कोॲग्युलेशन कॅस्केड, कॉम्प्लिमेंट, अँटिबॉडीचे वर्ग असा जड माल याच महिन्यात उरकावा. रात्री बारापर्यंत जागायचं मात्र नाही. पहाटे पाचला उठणाऱ्याला साडेदहा म्हणजे उशीरच.

प्रवासाचं गणित इथेच मांडून टाकू. अंतरं किलोमीटरमध्ये कमी, बसच्या हिशेबात जास्त. पेडण्याहून बांबोळी म्हणजे म्हापसा, पणजी असे टप्पे. सत्तरीतून यायचं तर साखळी, डिचोलीवरून. चोडणहून येणाऱ्याला रायबंदरच्या फेरीची रांग. रात्री आठनंतर आतल्या गावांकडे बस मिळणं अवघड असतं, त्यामुळे संध्याकाळची ड्युटी लागली की स्कूटर, नाहीतर हॉस्टेलवरच्या मित्राची चटई. बसमध्ये पुस्तक उघडून वाचता येत नाही, हे एकदा मान्य करावं. उभं राहून, घाटावळणात, ओल्या छत्रीसकट ते जमत नाही. त्याऐवजी आदल्या रात्री स्वतःच्या आवाजात पाच मिनिटांची नोंद मोबाइलवर करून ठेवायची: स्टेनिंगच्या पायऱ्या, नॉर्मल रेंज, व्हायवाचे (तोंडी परीक्षेचे) प्रश्न. जाताना ऐकायची, येताना झोपायचं.

हिमॅटॉलॉजीवर जरा रेंगाळतो, कारण गोव्याच्या पावसाळ्यात विद्यार्थ्याचा कस याच टेबलावर लागतो.

जुलैमधली दुपार. बाहेर धो-धो, आत भिंतींना ओल. डेंग्यूच्या संशयाने प्लेटलेट मागवलेल्या जांभळ्या ट्यूबची रास. तुम्ही स्मिअर (काचेवर रक्ताचा पातळ थर) ओढलात, छान जिभेच्या आकाराचा आला, स्टँडवर ठेवलात. पाच मिनिटांनी बघता तर अजून ओला. तसाच लिशमन (पेशी रंगवणारा स्टेन) ओतलात तर मायक्रोस्कोपखाली लाल पेशींमध्ये चकचकीत भोकं दिसतात, फोकस वरखाली केला की लुकलुकतात. नवखा त्यांना मलेरियाचे परजीवी समजतो. ते असतं पाणी. लिशमनचा स्टेन मिथेनॉलमध्ये असतो, तोच पेशी फिक्स करतो, आणि मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. स्लाइड ओली असो की बाटलीचं झाकण दिवसभर उघडं असो, परिणाम एकच. उपाय साधे: स्मिअर ओढल्याबरोबर पंख्याखाली धरा किंवा हेअर ड्रायरची थंड हवा द्या, बाटली प्रत्येक वेळी घट्ट बंद करा, आणि मोठ्या बाटलीतून दिवसापुरताच स्टेन छोट्या बाटलीत काढा. मग निव्वळ स्टेन दोन मिनिटं, त्यावर दुप्पट बफर घालून फुंकून मिसळा, आठ ते दहा मिनिटं, मग धुवा. बफर ६.८ पीएचचा. मलेरिया शोधायचा असेल तर ७.२ चा बरा, व्हायवॅक्स मलेरियाचे शुफ्नर ठिपके त्यात उठून दिसतात. सगळंच निळं-निळं आलं तर बफर अल्कलाइन आहे किंवा धुणं कमी झालंय. गुलाबी आलं तर ॲसिडिक.

आणि प्लेटलेट. मशीन १८,००० सांगतं, वॉर्डात धावपळ सुरू होते, रक्तपिशवीची फोनाफोनी होते. आधी ट्यूब वाकडी करून गुठळी आहे का बघा, काडी फिरवून बघा. मग स्मिअरच्या शेपटीकडच्या टोकाला १० च्या ऑब्जेक्टिव्हखाली नजर टाका. तिथे प्लेटलेटचे पुंजके दिसले तर तो आकडा खरा धरू नका: काही रुग्णांमध्ये ईडीटीएमुळेच प्लेटलेट चिकटतात आणि मशीन ते पुंजके मोजत नाही. निळ्या ट्यूबमध्ये पुन्हा रक्त घ्या, येणाऱ्या आकड्याला १.१ ने गुणा, कारण सायट्रेटने रक्त दहा टक्के पातळ झालेलं असतं. हे गुणणं विसरणारे असतातच, व्हायवात हमखास विचारतात. मलेरियाचा जाड स्मिअर 'निगेटिव्ह' म्हणायच्या आधी ऑइल इमर्शनखाली किमान १०० फील्ड बघायची, मागे कितीही स्लाइड साचल्या असल्या तरी. जानेवारीनंतर सत्तरीतून तापाचे नमुने आले तर आणखी एक भान ठेवा. २०१५ पासून तिथे माकडतापाचे रुग्ण आढळत आले आहेत. संशयित म्हणून आलेला नमुना विद्यार्थ्याने उघड्या टेबलावर उघडायचा नसतो, तो थेट इन्चार्जकडे.

हिमॅटॉलॉजीच्या महिन्यात संध्याकाळी पुस्तक वाचायला डोळेच उरत नाहीत. तीन तास मायक्रोस्कोपला लावून आलेल्या माणसाने पुन्हा मोबाइलवर पीडीएफ वाचणं हा छळ आहे. त्या महिन्यात रोज फक्त तीन पेशींची चित्रं हाताने काढा, पेन्सिलीने, प्रमाणात. पेशी डोळ्यांत बसायला पुरे.

बायोकेमिस्ट्रीत रिकामा वेळ मिळतो, पण तुकड्यातुकड्यांनी. सिरमच्या ट्यूबला गोठायला अर्धा तास, सेंट्रिफ्यूजला दहा मिनिटं, मग मशीनचा रन. एका तुकड्यात दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ हाती लागत नाही, म्हणून तिथे एक छोटी वही पुरते, जाडजूड पुस्तक नको. गोठायच्या आत घाईने फिरवलेल्या सिरममध्ये फायब्रिनचे धागे राहतात, ते मशीनच्या सुईत अडकतात आणि मग पूर्ण विभाग तुमच्याकडे बघतो. सकाळी रुग्णांच्या आधी कंट्रोल (उत्तर आधीच माहीत असलेला नमुना) चालतो. एखादा पॉइंट ३ एसडीच्या (स्टँडर्ड डेव्हिएशनच्या) बाहेर, किंवा लागोपाठ दोन एकाच बाजूला २ एसडीच्या पलीकडे गेले, की रन थांबवायचा. विद्यार्थी इथे काय करतात? तोच कंट्रोल पुन्हा पुन्हा चालवतात, आत येईपर्यंत. हे सुधारणं नव्हे, जुगार आहे. आधी वायल (कंट्रोलची बाटली) बघा. पावडरीत पाणी वायलवर छापलंय तेवढंच घातलं होतं का, बहुधा ५ मिली असतं, आणि ते पिपेटने घातलं की सिरिंजने अंदाजे? हलवून फेस काढला का? हळू फिरवून वीस-तीस मिनिटं ठेवायचं असतं. साखरेचा नमुना वेगळा न करता तसाच पडून राहिला तर पेशी दर तासाला साधारण ५ ते ७ टक्के ग्लुकोज खातात. लांबच्या आरोग्य केंद्रातून लाल ट्यूबमध्ये आलेली १०० ची साखर तीन तासांत ८०-८५ ला येते. करड्या ट्यूबमधलं फ्लोराइडही पहिला तास-दीड तास ढिलंच असतं.

मायक्रोबायोलॉजीला मुलं 'हलकं पोस्टिंग' म्हणतात, आणि बहुतेकांचं तिथेच बिनसतं. लघवीचा नमुना ०.००१ मिलीच्या लूपने (तारेच्या कडीने) प्लेटवर ओढला, इन्क्युबेटरमध्ये ठेवला, झालं. मग दुपारी अंगावर येणारी शांतता. पण इथलं शिक्षण सकाळी असतं. प्लेट उघडते, १०० कॉलनी (जंतूंच्या वाढीचे ठिपके) म्हणजे मिलीला एक लाख हा हिशेब होतो, गुलाबी की रंगहीन, म्यूकॉइड (बुळबुळीत) की कोरडी, ऑक्सिडेज चाचणी काय, आणि पुढे काय लावायचं याचा निर्णय पंधरा मिनिटांत होतो. साडेनऊला ॲप्रनची बटणं लावत येणाऱ्याला उरतात फक्त टाकून द्यायच्या प्लेट. सेन्सिटिव्हिटी (जंतूवर कोणतं औषध चालतं ती चाचणी) म्हणजे तर मागे मोजायचं गणित: १६ ते १८ तास. संध्याकाळी चारला लावली तर सकाळी आठ ते दहा वाचन. दुपारी बाराला 'वेळ आहे तर लावून टाकू' केलंत तर पहाटे सहाला कोण येणार आहे? औषधाच्या डिस्क उशिरा वाचल्या की भोवतीच्या वर्तुळाची कड धूसर होते आणि मापं चुकतात. पावसाळ्यात मुलर-हिंटनची (सेन्सिटिव्हिटीची) प्लेट वापरण्याआधी झाकण किलकिलं करून दहा-पंधरा मिनिटं इन्क्युबेटरमध्ये कोरडी करा. अगारवर पाणी असेल तर वाढ पसरून वर्तुळंच पुसली जातात.

ग्रॅम स्टेनमध्ये (जंतूंचे जांभळे-गुलाबी गट पाडणाऱ्या स्टेनमध्ये) सगळा खेळ डिकलरायझरचा, म्हणजे रंग उतरवणाऱ्या ॲसिटोनचा. क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, आयोडीन एक मिनिट, सॅफ्रानिन अर्धा ते एक मिनिट, ही मिनिटं थोडी इकडेतिकडे झाली तर निभावतं. ॲसिटोन मात्र दोन-तीन सेकंद, आणि लगेच पाणी. जास्त झालं की एरवी जांभळे दिसणारे स्टॅफ जंतूही गुलाबी. सरावाला रुग्णाचा नमुना कशाला वाया घालवायचा? दातांच्या फटीतला थर काडीने स्लाइडवर घ्या. त्यात जांभळे-गुलाबी दोन्ही प्रकार मिळतात, म्हणजे कंट्रोल त्याच स्लाइडवर. दुपारची ती शांतता बायोकेमिकल टेस्टच्या तक्त्यांसाठी ठेवा, इंटर्नल परीक्षा याच महिन्यात आली तर नशीब समजा.

हिस्टोपॅथॉलॉजी (टिश्यूची तपासणी) सगळ्यांत शिस्तीची. टिश्यूच्या दहापट फॉर्मेलिन, रात्रभर प्रोसेसिंग, सकाळी एम्बेडिंग (मेणात बसवणं), मग ब्लॉक बर्फावर आणि ३ ते ५ मायक्रॉनचे सेक्शन. सेक्शनची रिबन तुटत राहिली तर आधी ब्लॉक पुन्हा गार करा, मग पातं सरकवा. तिथलं काम वेळेत संपतं, घरी गेल्यावर डोक्यात राहत नाही. जर्नल पूर्ण करायचा महिना हाच.

ब्लड बँकेच्या महिन्यात मात्र अभ्यासाचं नियोजनच करू नका. हायवेवरचा अपघात, प्रसूतीतला रक्तस्राव वेळ सांगून येत नाहीत. कूम्ब्स चाचणीपर्यंतची पूर्ण क्रॉसमॅच (दात्याचं नि रुग्णाचं रक्त जुळतं का ही तपासणी) म्हणजे इन्क्युबेशन धरून पाऊण ते एक तास, आणि बाहेर नातेवाईक दर पाच मिनिटांनी काचेवर टकटक करणार. लाल पेशी २ ते ६ अंशांत, प्लेटलेट २० ते २४ अंशांत हलत्या शेकरवर, पाच दिवस. वॉर्डात गेलेली पिशवी न वापरता परत आली तर पहिला प्रश्न: बाहेर किती वेळ होती? अर्ध्या तासाच्या पुढे असेल तर साठ्यात परत नाही. रात्री तीनला ग्रुपिंगचं शास्त्र सहसा चुकत नाही, चुकतं ते लिहिणं. चुकीच्या गटाचं रक्त चढण्यामागे टेस्टच्या दोषापेक्षा नाव-नंबरांची गफलत जास्त वेळा सापडते. म्हणून ट्यूबवर नंबर घातल्याशिवाय तीत थेंब टाकायचा नाही, फॉरवर्ड आणि रिव्हर्स ग्रुपिंग (पेशींवरून आणि सिरमवरून) जुळल्याशिवाय रजिस्टरला हात लावायचा नाही आणि एका वेळी एकाच रुग्णाचा रॅक समोर ठेवायचा. रात्रपाळीनंतर लेक्चर असेल तर हजेरीचं काय ते आधीच विचारून ठेवा, बहुतेक ठिकाणी ७५ ते ८० टक्क्यांची अट असते आणि ती पुढे भरून निघत नाही. स्कूटरने घरी निघण्याआधी अर्धा तास डोळे मिटा. पोटात काही असू द्या, कँटीन उघडलं असेल तर पाव-भाजी, नाहीतर पिशवीतली केळी. लॅबच्या फ्रिजमध्ये डबा कधीही नाही, आणि हे इतक्या वेळा सांगावं लागतं याचंच नवल.

लॉगबुक त्याच दिवशी भरा. निघायच्या आधी सात मिनिटं: काय केलं, किती केलं, काय बिघडलं, का बिघडलं. शेवटचे दोन रकाने कुणी छापलेले नसतात, ते स्वतः आखा. महिन्याच्या शेवटी एका शाईत, एका हस्ताक्षरात भरलेलं लॉगबुक परीक्षकाला दुरून कळतं. 'हिमोलाइझ (लाल पेशी फुटल्या), पोटॅशियम ६.८, सिरिंजमधून जोराने ट्यूबमध्ये सोडलं' अशी एक ओळ असेल तर व्हायवा तिथूनच सुरू होतो, आणि उत्तर तुम्हाला येत असतं.

चवथीला (गणेश चतुर्थीला) सगळा गोवा घरी जातो, तुम्हीही जाल. माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची सजावट) बांधायला हात लागतात आणि ते नाकारता येत नाही. सुट्टीची अदलाबदल महिनाभर आधी ठरवा. घरी चवथ नसलेले सहकारी तेव्हा ड्युटी घेतात, तुम्ही नाताळात त्यांची घ्या, हे इथे पूर्वापार चालत आलंय. मात्र आदल्या संध्याकाळी इन्क्युबेटरमध्ये काही ठेवून निघत असाल तर 'बघून घे रे' असा निरोप चालत नाही. प्लेटच्या खालच्या बाजूला नंबर आणि तारीख, झाकणावर नव्हे, कारण झाकणं बदलतात. आणि रजिस्टरला टाचलेली चिठ्ठी: 'युरीन, लॅब नंबर अमुक. मॅकॉन्की प्लेटवर गुलाबी, एकाच प्रकारची वाढ, लाखाच्या वर. सेन्सिटिव्हिटी ४.२० ला लावली. उद्या ८.२० ते १०.२० मध्ये वाचणे. वॉर्डला अजून कळवलेलं नाही.' खाली नाव आणि मोबाइल नंबर. फोन चालू ठेवा, आरतीच्या वेळी सायलेंटवर टाकला तरी चालेल.